हात धुतल्यानंतर

संघमित्रा बोरकर बालाघाटच्या एका खासगी नर्सिंग कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. म्हणजे जे डोळ्यांना दिसत नाही ते दाखवायचं काम करते, आणि तेही अशा सूक्ष्मदर्शकातून, ज्यातून दिसणाऱ्या गोष्टीही दिसेनाशा होतात. त्याच्या भिंगावर ओरखड्यांची जाळी झाली आहे, कारण प्रयोगशाळेतली शेवंताबाई ते रोज मनापासून पुसते, आणि ज्या फडक्याने टेबल पुसते त्याच फडक्याने पुसते. संघमित्राने एकदा सांगून पाहिलं, दोनदा सांगून पाहिलं, मग शेवंताबाईचा पडलेला चेहरा पाहून सांगायचं सोडून दिलं. स्वच्छतेच्या आड येणारी बाई म्हणून आपलं नाव व्हावं, असं कुठल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या शिक्षिकेला वाटेल?

मुली येतात त्या लामता, कटंगी, वारासिवनीच्या बाजूच्या खेड्यांतून. बारावी हिंदीतून झालेली, पुस्तक इंग्रजीतून, घरी कुणाकडे मराठी तर कुणाकडे पोवारी. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. संघमित्रा एका वाक्यात सगळ्या भाषा कालवते. ‘‘हे पाहा, गोल जंतू म्हणजे साबुदाणा. लांब जंतू म्हणजे चिन्नोर तांदूळ. साबुदाण्याचा घोस दिसला त एक नाव लिहाचं, माळ दिसली त दुसरं.’’ पोरी हसतात आणि लिहून घेतात. एकीने परीक्षेत नावाच्या जागी सरळ ‘साबूदाना’ लिहिलं होतं, तर संघमित्राने तिला अर्धा गुण दिला. नाव विसरली असली तरी पोरीने जंतू पाहिला होता, हे तिला पुरेसं वाटलं.

ती स्वतः नागपूरला एम.एस्सी. झालेली. तिथे राहिली असती तर एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेत पांढरा कोट घालून काचेआड बसली असती. पण वडील गेले, आई वारासिवनीच्या घरात एकटी पडली, आणि ही परत आली. आता रोज सकाळी वारासिवनीहून बसने बालाघाट, संध्याकाळी परत. कॉलेजकडे तिने वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र मागितलं, तर त्यांनी हॉटेलात असतो तसला मोठा कुकर आणून दिला. जंतू वाढवायला ऊब लागते, त्यासाठी मशीन मागितलं, तर थर्माकोलची पेटी मिळाली. तिच्यात बल्ब लावायचा ठरला, पण बाजारात आता सगळे एलईडी; उजेड भरपूर, ऊब नावाला नाही. शेवटी कोंबडीची पिल्लं विकणाऱ्या एका माणसाकडून तिने जुना पिवळा बल्ब मिळवला. जंतूंना खायला म्हणून काचेच्या प्लेटांत ओतायचं सार ती खाटकाकडून नळीची हाडं आणून स्वतः उकळते. त्या दिवशी कॉलेजभर पाहुणचाराचा वास सुटतो, आणि ऑफिसातला प्रेमलाल क्लार्क दोनदा तरी डोकावून जातो.

एवढी यातायात कशासाठी, तर तिची एक श्रद्धा होती म्हणून. पोरीने एकदा का आपल्या हातावरचे जंतू आपल्या डोळ्यांनी पाहिले, की ती जन्मभर हात धुईल, असं तिला मनापासून वाटायचं. पुस्तकातलं परीक्षेनंतर उडून जातं, डोळ्यांनी पाहिलेलं राहतं. आणि ज्या प्लेटांवर जंतू वाढवलेत, त्या कुकरमध्ये शिजवल्याशिवाय धुवायच्या नाहीत, ही दुसरी गोष्ट तिने सगळ्यांच्या हाडीमाशी खिळवली होती. दर शनिवारी शेवंताबाई आठवड्याच्या सगळ्या प्लेटा कुकरमध्ये घाले, शिट्टी धरली की घड्याळ पाहत बसे, आणि मगच धुवून वर्तमानपत्रावर पालथ्या घाले. या एका कामात ती कधी चुकली नाही.

मयुरी या कॉलेजात आली ती भरवेलीहून. बाप महागू, मँगनीजच्या खाणीत उभं आयुष्य घालवलेला माणूस, पोरीला पहिल्या दिवशी सायकलवर सोडायला आला होता आणि फाटकाशी जो दिसेल त्याला नमस्कार करत होता. ‘‘पोट्टी सिस्टर होऊन राह्यली जी,’’ असं त्याने चौकीदारालाही सांगितलं. मयुरी अबोल, वर्गात पहिल्या बाकावर, आणि भयंकर टापटिपीची. खाणीच्या काळ्या धुळीत वाढलेल्या घरांत हात धुण्याचं एक वेगळंच वेड असतं. ती कोपरापर्यंत धुवायची, नखांत नख घालून धुवायची, आणि मैत्रिणी ओरडेपर्यंत नळ सोडायची नाही.

हातांच्या प्रयोगाच्या दिवशी प्रत्येकीने आधी न धुतलेली बोटं एका प्लेटवर टेकवली, मग साबणाने हात धुवून दुसऱ्या प्लेटवर. दोन दिवसांनी पेटी उघडली. सगळ्यांच्या पहिल्या प्लेटा भरलेल्या, दुसऱ्या बऱ्यापैकी मोकळ्या. मयुरीचं उलटं. न धुतलेल्या हाताच्या प्लेटवर चार ठिपके, आणि धुतलेल्या हाताच्या प्लेटवर पांढरे-पिवळे ठिपकेच ठिपके, बोटांचे ठसे ओळखू येतील इतके दाट.

वर्गात खसखस पिकली. आणि संघमित्राच्या तोंडून निघून गेलं, ‘‘अगं माय, तुझ्या हातावर त बगीचा फुलला!’’

बोलण्यात वाईट काही नव्हतं. पोरी हसल्या, मयुरीही कानापर्यंत लाल होऊन हसली. कुणीतरी प्लेट उचलून तिच्या नावाच्या चिठ्ठीशेजारी धरली, फोटो काढला आणि वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘मयुरी का बगीचा, हाथ धोने के बाद’. दुसऱ्या दिवशी संघमित्राने फळ्यावर चित्र काढून नीट समजावलं, की असं होतं. खूप चोळून धुतलं की कातडीच्या आतल्या थरात वस्तीला असलेले साधे, निरुपद्रवी जंतू वर येतात. ते रोग देणारे नाहीत. उलट ही पोरगी जास्त नीट हात धुते याचाच हा पुरावा आहे. पोरींनी मान डोलावली. पण विनोद आणि खुलासा यांची शर्यत लागली, तर खुलासा कधी जिंकल्याचं कुणी ऐकलंय? मयुरीचं नाव बगीचा पडलं ते पडलंच.

पावसाळा सरता सरता मुलींना कामाच्या सरावासाठी दवाखान्यात पाठवलं. कॉलेज आणि दवाखाना दोन्ही एकाच माणसाचे, डॉक्टर राजेंद्र यांचे. माणूस वाईट नव्हे, हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर वाचणारा त्यांना राक्षस ठरवून मोकळा होईल आणि संघमित्राची खरी अडचण त्याला कळणार नाही. हात चांगला, बोलणं गोड, अडल्या-नडल्या बाईला गोंदियाला पाठवायच्या ऐवजी स्वतः रात्रभर जागणारा. खेड्यापाड्यांतून बायका बाळंतपणाला त्यांच्याकडेच यायच्या. गर्दी वाढली, हात तेवढेच राहिले. आणि मग जे सगळीकडे होतं ते तिथेही झालं. जखमा पुसायचं पातळ औषध बाटलीत रोज नवं करायचं असतं, बाटली रिकामी करून, धुवून. तिथे उरलेल्यातच वरून पाणी आणि थोडं औषध ओतायची पद्धत पडली. कुणी ठरवून केलं नाही. पण ती बाटली कित्येक दिवसांत तळापर्यंत रिकामी झालेली कुणी पाहिली नव्हती.

लामत्याची गीता पहिल्या बाळंतपणाला आली, सीझर झालं, मुलगी झाली. जखम पुसून पट्टी बदलायचं काम मयुरीच्या वाट्याला आलं. चौथ्या दिवशी टाक्यांतून पू आला, ताप चढला. त्याआधी आणखी दोघींचे टाके चिघळले होते, पण त्या दोघी गोळ्या खाऊन घरी गेल्या आणि विषय मिटला होता. गीताचं वाढत गेलं. तिला गोंदियाला हलवलं, तिथे जीव वाचवायला पिशवी काढावी लागली. बाविशीतली पोर, आता पुन्हा मूल नाही. तिच्या घरचे दोन जीप भरून आले आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसले.

‘‘इसको किसने खराब किया, हमको नाम बताओ,’’ गीताचा सासरा ओरडत होता.

आणि नाव तयारच होतं. ड्यूटीवरच्या मोठ्या सिस्टरच्या मोबाइलमध्ये तो फोटो होता. पोरींच्या ग्रुपवरून तो कधीचाच दवाखान्याच्या ग्रुपवर येऊन पोहोचला होता, तिथेही लोक हसले होते. आता कुणी हसलं नाही. ‘हाथ धोने के बाद’ असं खाली लिहिलेलंच होतं. आणखी काय सांगायचं उरलं? सासऱ्याने फोटो मोठा करून पाहिला, ठिपक्यांवरून बोट फिरवलं, आणि पायऱ्यांवरच्या बायकांनी तोंडाला पदर लावला. मयुरीला त्याच दिवशी घरी पाठवलं. ‘जांच होगी,’ असं डॉक्टरांनी सगळ्यांसमोर सांगितलं आणि जीपा परत गेल्या.

संघमित्राला हे स्टाफरूममध्ये कळलं तेव्हा तिच्या हातातला चहा तसाच राहिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात. इथे हात पोरीचे आणि ते दाखवणारी ही. तिने शिकवायला म्हणून केलेली प्लेट, हसायला म्हणून बोललेलं वाक्य, आणि त्याचा झालेला पुरावा! तिला स्वतःचा इतका राग आला की काय करावं सुचेना. पण राग येऊन भागण्यासारखं नव्हतं. मयुरीच्या प्लेटवरचे ठिपके काय आहेत हे तिला ठाऊक होतं. तसले जंतू तुमच्या-आमच्या सगळ्यांच्या हातांवर असतात आणि ते असा पू करत नाहीत. म्हणजे पू करणारं दुसरं काहीतरी त्या खोलीतच होतं. ते शोधणं हे तर तिचं काम होतं. पोरीला परत आणायचं असेल तर हाच एक रस्ता होता.

ती मुलींचं काम पाहायच्या निमित्ताने दवाखान्यात गेली. नळ, तसराळं, चिमटे ठेवायचं भांडं आणि ती औषधाची बाटली, सगळ्यांत कापसाच्या काड्या बुडवून तिने नळकांड्यांत घातल्या आणि पर्समधून घेऊन आली. प्लेटा लावल्या, पेटीत ठेवल्या. शनिवारी सकाळी पेटी उघडताच द्राक्षं जास्त पिकल्यासारखा गोडसर वास आला, आणि ती समजली. बाटलीची प्लेट हिरवी झाली होती. मोरपिसातला असतो तसला हिरवा. हा जंतू पाण्यात जगतो, पातळ औषधात जगतो, आणि शिळ्या औषधात तर अगदी जावयासारखा मजेत राहतो. जंतू मारायच्या बाटलीतच जंतू पोसले जात होते आणि जी पोरगी निष्ठेने तीच बाटली घेऊन जखमा पुसत होती, तिच्यावर खापर फुटलं होतं.

आनंद झाला हे कबूल करायला हवं. गीताची पिशवी गेली होती, आनंद व्हावा असं त्यात काही नव्हतं, पण संघमित्राला झाला. तिने मोबाइलने फोटो काढला आणि तशीच डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टर राजेंद्र यांनी बाहेरची रांग थांबवून तिचं सगळं ऐकलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. त्यांचा चेहरा उतरत गेला तो खोटा नव्हता. फोटो मात्र त्यांनी बराच वेळ पाहिला.

‘‘इस पर बोतल का नाम तो नहीं दिख रहा, मॅडम.’’

‘‘नाव खालच्या बाजूला लिहितात, सर. फोटो मी वरून काढला. प्लेट आहे ना माझ्याकडे.’’

‘‘ठीक है. सोमवार को प्लेट ले आइए. लड़की की बात तभी करेंगे.’’

ती हलक्या मनाने बाहेर पडली. आई तापाने पडली होती, म्हणून प्रयोगशाळेकडे न वळता तिने सरळ वारासिवनीची बस धरली. प्लेटा पेटीत होत्या, पेटी बंद होती, खोलीला कुलूप होतं. काय बिघडणार होतं?

कुलपाची एक किल्ली शेवंताबाईकडे होती, आणि तो शनिवार होता.

सोमवारी सकाळी संघमित्रा आली तेव्हा सगळ्या प्लेटा वर्तमानपत्रावर पालथ्या होत्या. उन्हात चमकत होत्या. शेवंताबाई अभिमानाने म्हणाली, ‘‘मॅडम, या बखत लय वास मारून राह्यला होता. म्हून मी दोनदा शिजवल्या.’’

संघमित्रा स्टुलावर बसली. रागवावं कुणावर? शेवंताबाईने तेच केलं होतं जे हिने तिला शिकवलं होतं, आणि नेहमीपेक्षा जास्त नीट केलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी फितवलं नव्हतं. फितवलं असतं तर निदान कुणाला तरी शिव्या देता आल्या असत्या. ‘‘काय झालं जी? चुकलं का काई?’’ शेवंताबाईने विचारलं, आणि संघमित्राने मानेनेच नाही म्हटलं.

ती धावत दवाखान्यात गेली, की पुन्हा काडी बुडवू. बाटली नवी कोरी होती. तसराळी घासलेली, चिमट्यांचं भांडं उकळलेलं, भिंतीवर कागद चिकटवलेला, ‘रोज सुबह बोतल खाली करके धोना है’. डॉक्टरांनी शनिवारीच सगळं बदलून टाकलं होतं. तिच्या शब्दावर विश्वास ठेवून. एक डॉक्टर म्हणून त्यांनी जे करायला हवं होतं ते त्यांनी एकाच संध्याकाळी केलं होतं, आणि ते करताना पुरावाही धुवून गेला होता.

‘‘सर, म्हणजे तुम्हालाही पटलं ना, बाटलीच होती ते?’’ तिने केबिनमध्ये विचारलं.

‘‘मॅडम, मैंने बोतल बदल दी. आगे किसी को तकलीफ नहीं होगी. आपकी वजह से,’’ ते म्हणाले आणि त्यांनी हात जोडले. मग दार लोटलं. ‘‘अब आप सोचिए. मैं बोलूं कि गलती मेरे अस्पताल की थी, तो अस्पताल पर ताला. लड़कियों की पोस्टिंग यहीं होती है, दूसरा अस्पताल लेगा नहीं. पूरी बॅच का साल गया. और वो लड़की भी तो उसी बॅच की है, उसका भी गया. एक को बचाने में सब डूबेंगे, वो भी डूबेगी. आप बताइए, क्या करूं?’’

हेच तर या माणसाचं होतं, खोटं बोलत नव्हता. प्लेट असती तर संघमित्रा भांडली असती. नुसत्या हिरव्या फोटोवर कुणाशी भांडणार? दवाखान्याविरुद्ध वर लिहिलं असतं, तर वरचे तपासायला आले असते आणि त्यांना चकाचक बाटली आणि भिंतीवरचा कागद दिसला असता. आणि तिला स्वतःच्या नोकरीची आठवण झाली नाही असंही नव्हे. आईचं औषध, घर, बालाघाटात दुसरं कॉलेज कुठे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. ती ‘बरं’ म्हणाली नाही आणि ‘नाही’ही म्हणाली नाही, नुसती उठून आली. त्याच आठवड्यात महागूला बोलावून मुलीचं नाव कमी केल्याचं सांगितलं. तो सगळ्यांना नमस्कार करूनच गेला.

त्यानंतर दवाखान्यात एकीचेही टाके चिघळले नाहीत. महिना गेला, दोन महिने गेले. सिस्टर लोक सुस्कारा टाकून म्हणाले, ‘‘लड़की गई, बला गई.’’ कॉलेजातल्या पोरीही तेच म्हणू लागल्या. संघमित्रा वर्गात हात धुणं शिकवायला उभी राहिली की मागच्या बाकावर कुणीतरी हळूच मयुरीचं नाव घ्यायचं, आणि बाकीच्या पोरी नळाकडे धावायच्या. इतके सुंदर हात त्या बॅचने पूर्वी कधीच धुतले नव्हते.

एका रविवारी संघमित्राला राहवेना. कॉलेजला सांगता येत नव्हतं, दवाखान्याला सांगता येत नव्हतं, पण निदान मयुरीला तरी खरं कळलं पाहिजे, एवढं तरी आपल्या हातात आहे, असं म्हणून ती शेअर रिक्षाने भरवेलीला गेली.

महागूचं घर शोधावं लागलं नाही. ओसरीवर मयुरीची वहिनी बाळंतपण उरकून बसली होती, कुशीत महिन्याचं मूल. मयुरी आत होती. बाहेर आली ती ओढणीत हात गुंडाळून. ‘‘मॅडम, तुमी कायले आल्या एवढ्या दूर?’’ एवढंच म्हणाली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

संघमित्राने सगळं सांगितलं. बाटली, हिरवी प्लेट, शनिवार, कुकर. काही लपवलं नाही. ‘‘तुझी चूक नव्हती बेटा. एक टक्काही नव्हती.’’

मयुरीने शेवटपर्यंत ऐकलं. मग तिने विचारलं, ‘‘मी आल्यानंतर त्या बाया खराब झाल्या. मी गेल्यावर एक बी झाली नाई. हा सवाल पेपरात आला असता, त तुमी कोणतं उत्तर बरोबर धरलं असतं?’’

‘‘अगं, बाटलीसुद्धा त्याच आठवड्यात बदलली. कावळा बसाले आन् फांदी मोडाले, तसं झालं हे.’’

‘‘हौ. पण कावळा त मीच न, मॅडम,’’ मयुरी म्हणाली. ‘‘बाटली कोणं पाह्यली? तुमी पाह्यली, डाक्टर साहेबानं पाह्यली. थे सांगतीन का गीताच्या घरी जाऊन? तुमी सांगसान?’’

या प्रश्नाचं उत्तर संघमित्राला दोन महिन्यांत सापडलं नव्हतं, ते ओसरीवर बसून कुठून सापडणार? मयुरीच्या आवाजात राग नव्हता, हे जास्त वाईट होतं. ती खरंच विचारत होती. तिचा स्वतःवर विश्वास बसावा म्हणून तिला कुणीतरी एक धड कारण द्यायला हवं होतं आणि मॅडमकडे नुसता शब्द होता.

महागू बाजेवरून उठून जवळ आला. ‘‘मॅडमजी, हे पोट्टी कोनाले हात लावत नाई. कणीक भिजवत नाई, पाणी देत नाई कोनाले. दिवसभर हात धुते. ब्लिचिंग पावडर आणते थे, संडासात टाकाची, त्यानं धुते. आता हे भावाचं लेकरू झालं, आत्या म्हून एकदा बी उचललं नाई. म्हनते, माह्या हातानं मरन. तुमी शिकवनाऱ्या आहा. तुमी सांगा हिले. तुमचं ऐकन थे.’’

‘‘दाखव हात,’’ संघमित्रा म्हणाली.

मयुरीने ओढणीतून हात काढले. काढताना कापड चिकटलं होतं ते सोडवावं लागलं. तळवे लाल झालेले, बोटांच्या पेरांवर भेगा, भेगांतून रक्त येऊन वाळलेलं, आणि उजव्या अंगठ्यापाशी पिवळ्या खपल्यांखाली ओलसर पू. संघमित्राने वाकून पाहिलं. असे हात तिने पुस्तकात पाहिले होते, वर्गात फळ्यावर शिकवले होते. कातडी फाटली की जंतूंना घर मिळतं. साधे जंतू नव्हेत; पू करणारे, महिन्याच्या लेकराच्या कोवळ्या कातडीतून रक्तात उतरू शकणारे. दोन महिन्यांपूर्वी या हातांवर जे नव्हतं ते आता होतं.

वहिनीने बाळ पुढे केलं होतं. तिला मॅडमच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं, की घे गं, काही होत नाही. महागूही तेच ऐकायला वाकून उभा होता.

‘‘बोला न जी,’’ तो म्हणाला. ‘‘लेकराले उचलू द्याव का नाई हिले?’’

संघमित्राने मयुरीकडे पाहिलं. खोटं बोलावं असं तिला आयुष्यात इतकं कधी वाटलं नव्हतं. ‘‘आधी हिच्या हातांवर औषध करू,’’ ती म्हणाली. ‘‘मी उद्या येऊन हिला सरकारी दवाखान्यात घेऊन जाईन. हे हात बरे होतील.’’

‘‘थे ठीक. पन आता?’’

‘‘आता नको,’’ संघमित्रा म्हणाली.

वहिनीने बाळ छातीशी ओढून घेतलं आणि घाईघाईने आत नेलं. मयुरीने मात्र मान हलवली, वर्गात तिचं उत्तर बरोबर निघालं की हलवायची तशी, आणि हात पुन्हा ओढणीत गुंडाळून घेतले.